वरच्यांचं बाथरूम

गळती शोधणारा चांगला मिस्त्री घरात आला की आधी भिंतीकडे बघत नाही, घरच्यांची उलटतपासणी घेतो. “वहिनी, ओल कधी वाढते? वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर, की दिवसभर सारखीच? मे महिन्यात होती का?” उत्तरं नीट मिळाली तर अर्धं काम तिथंच होतं. उन्हाळ्यातही, रात्रंदिवस ओल सारखीच असेल तर संशय भिंतीतल्या नळाच्या लाईनवर. तिच्यात पाण्याचा दाब कायम असतो. सकाळी वाढून रात्रीपर्यंत जरा ओसरत असेल तर सांडपाण्याचा पाईप, नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. आणि नुसती पावसाळ्यातच दिसत असेल, तर गच्ची, छज्जा नाहीतर बाहेरच्या प्लास्टरची भेग.

ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत, ओळखीच्यांच्या घरी, मी हे काम बघत होतो. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून. तिला टेकून प्लायवूडचं कपाट. कपाट सरकवलं तेव्हा मागून जो कुबट भपका आला, त्यावरून तिथं काय चाललंय ते न बघताच कळलं. छताजवळ रंगाचे पोपडे सुटलेले, त्याखाली पांढरा भुरभुरीत थर, आणि कपाटाच्या पाठीवर काळे-हिरवट ठिपके. घरच्या काकूंनी दोन्हींना सरसकट बुरशी म्हटलं. मिस्त्रीने पांढरा थर बोटाने खरवडला, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, तो विरघळला. “हा खार आहे.” पाणी विटा-सिमेंटमधून झिरपताना त्यातले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर उरतात. बुरशी अशी विरघळत नाही. खाराचा खरा उपयोग म्हणजे पाणी भिंतीतून पाझरतंय याचा तो पुरावा. काळे ठिपके मात्र नुसत्या कोंदट हवेनेही येतात.

मग हातोडीच्या दांड्याने टकटक. चांगलं प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. मिस्त्री डोळे मिटून ऐकतो आणि खडूने हद्द आखत जातो. ही हद्द डागापेक्षा बरीच मोठी निघाली आणि ती वर, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्याकडे सरकत गेली.

म्हणजे वरच्या मजल्यावर जाणं आलं, आणि या कामातला सर्वांत अवघड भाग तोच. वरच्या आजींचं म्हणणं सरळ होतं: “माझ्याकडे तर एक थेंब नाही गळत.” खरंच होतं ते! गळणाऱ्याच्या घरात काहीच दिसत नाही, हीच तर या दुखण्याची गोम. जुन्या बांधणीत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, वर विटांच्या तुकड्यांचा भराव, त्यातून पाईप आणि सर्वांत वर फरशी. फरशीखाली मुरलेलं पाणी त्या भरावात साठत राहतं आणि जिथं वाट सापडेल तिथून उतरतं. बरोबर ट्रॅपच्या खालीच उतरेल असं नाही.

मिस्त्रीने आजींशी वाद घातला नाही. “आजी, तोडफोड नाही करत. फक्त पाणी भरून ठेवतो.” पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली चिंधी ट्रॅपच्या तोंडात ठासली, दोन इंच पाणी तुंबवलं, त्यात थोडा रंग कालवला, टाईलवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या चांगलंच खाली गेलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग उमटला होता. आजी जिना उतरून स्वतः बघून गेल्या. त्यानंतर प्रश्न फक्त पैशांचा उरला. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या संडास-बाथरूमची सभासदाच्या. इथं बाथरूम आजींचं. त्यांनी वरचं काम पत्करलं, खालच्यांनी स्वतःचं प्लास्टर आणि रंग. जुन्या रंगाच्या टाईल्स कुठंच मिळेनात, त्याचं दुःख आजींना खर्चापेक्षा मोठं होतं.

आतून एखादा महागडा वॉटरप्रूफ रंग फासून हे भागवता येतं, असं रंगाच्या दुकानात हमखास सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. पाणी मागून येतंय. पुढून लावलेला थर ते ढकलूनच टाकणार. शिवाय स्लॅबमधली सळई भिजतच राहते. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ जागेत मावत नाही आणि खालचं काँक्रीट फोडतं. छताचा ढलपा पडतो तो असा.

वर फरशी उखडली, ओला भराव पोती भरून काढला. ट्रॅपचा सांधाच सुटला होता. तो बदलल्यावर मिस्त्रीचं सगळं लक्ष कोपऱ्यांवर होतं. जमीन आणि भिंत काटकोनात मिळतात तिथं भेग पडतेच, म्हणून त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई देतात; तिला वाटा म्हणतात. थापीने, मग ओल्या बोटांनी तो ती घोटत होता. ढाळ ट्रॅपकडे आहे ना, हे लेव्हलवर तपासलं तरी त्याने तांब्याभर पाणी ओतून पाहिलंच. टाईल्स लावण्याआधी पुन्हा पाणी तुंबवलं. ही दुसरी चाचणी घाईत गाळली जाते आणि मग पुढच्या वर्षी सगळं मुळापासून.

खाली बुरशीचं काम वेगळं. ठिपके कोरड्या फडक्याने झटकायचे नाहीत, बीजाणू घरभर उडतात; घरात कुणाला दमा असेल तर त्रास त्यालाच. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून भिंत कोरडी करायची. ब्लीच वापरलं तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू होतो. कपाटाची प्लायची पाठ टाकूनच दिली. भिजलेल्या प्लायमध्ये बुरशी आतवर जाते, वरून पुसून ती मरत नाही.

आणि मग गणपती. “गणपतीच्या आत रंग झाला पाहिजे,” काकूंचा हुकूम. मिस्त्री ठाम. हवेतच इतका दमटपणा असताना भिजलेली भिंत भाद्रपदापर्यंत कशी सुकणार? फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावलं. दोन दिवसांनी आतल्या बाजूला दव. त्यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. तीन भिंती रंगवल्या, चौथी उघडी ठेवली. मखर दिवाणखान्यात बसलं, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, आणि पुट्टीवाल्याला दिवाळीनंतरची तारीख.