अपडेट चालू असताना लाईट गेली तर नेमकं काय होतं?

रात्री कॉम्प्युटर बंद करायला जावं आणि स्क्रीनवर ‘वर्किंग ऑन अपडेट्स, ६३ टक्के’ असं यावं. खाली ताकीद असते, कॉम्प्युटर बंद करू नका. आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. साधा डेस्कटॉप, यूपीएस नाही. आता फोटो गेले, हिशेब गेले, असं वाटून घाम फुटतो.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा यातलं काहीच जात नाही. लाईट जाणार, बॅटरी संपणार आणि कोणीतरी वैतागून पॉवरचं बटण दाबून धरणार, हे अपडेट बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं.

अँड्रॉइडचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सोबत एक वेगळी पद्धत आली. फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन खोल्या आहेत असं समजा. तुम्ही एका खोलीत राहून रील्स बघत असता, तेव्हा नवी सिस्टीम दुसऱ्या खोलीत मांडली जाते. काम अर्धवट राहिलं तरी तुमची खोली शाबूत असते. सगळं झाल्यावर फोन रीस्टार्ट होऊन नव्या खोलीत जातो, आणि ती काही केल्या सुरू झाली नाही तर मुकाट्याने जुन्या खोलीत परततो. तुमचे फोटो, चॅट या दोन्हींपासून वेगळ्या जागी असतात. सॅमसंगने मात्र ही पद्धत बरीच उशिरा घेतली, २०२४ च्या गॅलॅक्सी ए५५ पासून.

विंडोज वेगळ्या वाटेने तेच करतं. मोठ्या अपग्रेडच्या वेळी जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाते. गडबड झाली तर बदल उलटे फिरवले जातात. त्यामुळे लाईट आल्यावर स्क्रीनवर ‘अनडूइंग चेंजेस’ दिसलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. फक्त त्याला वेळ लागतो, आणि लोक नेमकं तेव्हाच पुन्हा बटण दाबतात. अपग्रेड पूर्ण झाल्यावर आवडलं नाही, तरी साधारण १० दिवस मागे जाता येतं.

मग डेटा जातो कुठे? बऱ्याचदा अपडेटमध्ये नाही, त्यानंतरच्या घाईत. फोन सुरू होत नाही, स्क्रीनवर ‘ट्राय अगेन’ आणि ‘फॅक्टरी डेटा रीसेट’ असे दोन पर्याय येतात, आणि घाबरलेला माणूस दुसरा दाबतो. तिथे सगळं साफ. आधी पहिलाच पर्याय दोन-चारदा वापरून बघा. आयफोन अडकला तर तो रिकव्हरी मोडमध्ये कॉम्प्युटरला जोडल्यावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असं विचारलं जातं. ‘अपडेट’ डेटा न पुसता आयओएस पुन्हा टाकायचा प्रयत्न करतं, ‘रिस्टोअर’ सगळं पुसतं. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर येतो. मग डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढंच.

विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता पडलं की दुरुस्तीचा मेन्यू आपोआप येतो. तिथे शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय असते. ‘रीसेट’ करायचीच वेळ आली तर ‘कीप माय फाइल्स’ निवडा. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, म्हणून त्या अकाउंटचा पासवर्ड आजच आठवून बघा!

गंमत म्हणजे फाइल्स उडवणारं विंडोजचं गाजलेलं अपडेट अर्धवट राहिलेलं नव्हतंच. ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० अपडेट व्यवस्थित पूर्ण झालं आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइल्स गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं. अशा वेळी दोन सिस्टीमची सोय कामाला येत नाही, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली कॉपीच येते.

एका बाबतीत मात्र भीती खरी आहे. मदरबोर्डचं बायोस अपडेट मध्येच तुटलं तर अनेक जुन्या कॉम्प्युटरांत मागे फिरायला जागाच नसते, आणि मशीन थेट दुरुस्तीच्या दुकानात न्यावं लागतं. ते काम यूपीएसवर, किंवा लॅपटॉप असेल तर चार्ज करून आणि चार्जर लावूनच करा.