वजन नव्हे, जन्मतारीख पाहा

दीड-पावणेदोन किलोचे नातवंड पहिल्यांदा हातात घेताना चार बाळंतपणे निभावलेल्या आजीचेही हात कापतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगार वसाहतींत हा प्रसंग अनेक घरांच्या परिचयाचा आहे. मुलगा पहिल्या पाळीला गेलेला, सून अजून अशक्त, आणि गावाहून सांभाळासाठी आलेल्या आजीच्या मांडीवर ते इवलेसे बाळ. दीड महिन्याच्या लशींची तारीख जवळ आली, की घरात कोणीतरी म्हणते, "थोडे बाळसे धरू द्या, मग टोचू." या बोलण्यामागे माया आहे, यात शंका नाही, परंतु बाळाचे हित मात्र त्यात नाही.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, आणि अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे समजतात. आईच्या शरीरातील रोगांशी लढणारी प्रतिपिंडे बाळाला मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत मिळतात. जे बाळ लवकर जन्मले, त्याची ही शिदोरी अपुरीच राहते. डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया अशा बाळाला अधिक लवकर आणि अधिक जोराने गाठतो. म्हणजे जे बाळ आपल्याला लशीसाठी फार लहान वाटते, त्यालाच लशीची निकड अधिक असते.

म्हणूनच नियम साधा आहे: बाळाची प्रकृती स्थिर असेल, तर लशी जन्मतारखेपासून मोजून, नेहमीच्याच वेळी आणि पूर्ण मात्रेत द्यायच्या. एक उदाहरण पाहू. बाळ ३२ व्या आठवड्यात, १ जूनला जन्मले. त्याच्या सहा आठवड्यांच्या लशी १३ जुलैला येतात, दहा आठवड्यांच्या १० ऑगस्टला आणि चौदा आठवड्यांच्या ७ सप्टेंबरला. डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख दिली होती २७ जुलै. त्या तारखेपासून वय मोजले, तर पहिली पेंटाव्हॅलंट लस मिळेल ७ सप्टेंबरला, म्हणजे जेव्हा तिसरी व्हायला हवी त्याच दिवशी! मधले आठ आठवडे बाळ विनाकवच राहील.

या नियमाला काही अपवाद आहेत. ते ठरवण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर बीसीजीसारखी लस घरी सोडताना देतात. वजन दोन किलोंहून कमी असताना दिलेली जन्मवेळेची हिपॅटायटिस बी लस पुढील हिशेबात धरत नाहीत. पेंटाव्हॅलंटच्या तीन मात्रांतून ती भरपाई होते. आईलाच हिपॅटायटिस बी असेल, तर वजन कितीही असो, जन्मानंतर बारा तासांच्या आत उपचार लागतात. फार लवकर जन्मलेल्या बाळाला रुग्णालयात असतानाच लस दिली, तर त्याच्या श्वासावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवतात.

लशीच्या दिवशी आपण पुढील गोष्टी सांभाळाव्यात. बाळाचे जन्माचे वजन आणि किती आठवड्यांत जन्मले, हे परिचारिकेला आधी सांगावे. किरकोळ सर्दीसाठी तारीख पुढे ढकलू नये. टोचताना सुनेने बाळाला अंगावर पाजले, तर वेदना कमी होते. लशीनंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. टोचल्या जागी हळद, तेल वा शेक नको. एक-दोन दिवस हलका ताप येऊ शकतो. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच, वजनाच्या प्रमाणात द्यावे. बाळ दूध ओढेनासे झाले, निळसर पडले, श्वास अडखळू लागला किंवा ताप फार चढला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या भागात वेळापत्रक चुकण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे प्रवास. बाळंतपण माहेरी, दीड महिन्याने चाकण, सणाला पुन्हा गाव. आणि माता-बाल संरक्षण कार्ड नेमके दुसऱ्या घरी राहते. कार्ड बाळाच्या दुपट्यांबरोबरच बांधावे. या लशी सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तेथे कार्ड दाखवून चौकशी करावी. लशीचा दिवस आशाताईही सांगतात. एखादी मात्रा हुकली असेल, तर संकोच नको. सुरुवातीपासून पुन्हा टोचावे लागत नाही. जेथे थांबले, तेथून पुढे सुरू होते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा आपल्या कुदळवाडीतही रुग्ण आढळले. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला लस लांबवणे किती महागात पडते, याची ती आठवण होती. ही लसही जन्मतारखेपासूनच मोजायची.

आणि आपले स्वतःचे? खोकला-सर्दी असेल, तर बाळापासून चार दिवस दूर राहावे, आणि मोठ्यांसाठीच्या फ्लू व डांग्या खोकल्याच्या लशींविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आज घरी गेल्यावर कार्ड काढा, पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहा. बाळसे सावकाश येईल. तारीख मात्र चुकू देऊ नका.