रेंटगेनचे डॉक्टर कानाने काय शिकतात?

अश्दोदहून तेल अवीवला जाणाऱ्या गाडीत कानात बोंडे घालून बसलेला तरुण दिसला की आपण समजतो, हा गाणी ऐकतोय. आमच्या एका वाचक भगिनीचा आपल्या नातवाबद्दल असाच समज होता. नातू रुग्णालयात रेडिओलॉजी शिकतो. "गाणी नाहीत आजी, धडा ऐकतोय," असे तो म्हणाला, तेव्हा बाईंनी आम्हाला विचारले, "सी.टी.च्या तसबिरी कानाने कशा शिकतात?" प्रश्न अगदी रास्त आहे.

तो ऐकत होता त्याला पॉडकास्ट म्हणतात. हिब्रू अकादमीने त्यासाठी 'हेस्केत' असा शब्द दिला आहे. त्याचे मूळ दवारीमच्या २७व्या अध्यायातल्या, कान देऊन ऐकायला सांगणाऱ्या शब्दात आहे. पॉडकास्ट म्हणजे फोनवर साठवलेले रेडिओचे भाषणच. बिनाका गीतमालेसाठी आपल्याला बुधवारी रात्री ८ वाजता रेडिओ सिलोनपुढे बसावे लागे. इथे ती सक्ती नाही. दिवसभर पडद्यासमोर डोळे शिणवणाऱ्या डॉक्टरला ही सोय फार मोठी.

अमेरिकेत १९२३ सालापासून निघणाऱ्या 'रेडिओलॉजी' या मासिकाचा स्वतःचा पॉडकास्ट आहे. त्यात संशोधन करणाऱ्यांनाच बोलावून प्रश्न विचारतात. याचा आपल्याशी संबंध काय, ते एका उदाहरणाने सांगतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सी.टी.त फुफ्फुसात बारीकशी गाठ दिसते, आणि घरात कोणाला झोप लागत नाही. फ्लाइश्नर सोसायटीने २०१७ साली आपले नियम बदलले. गाठ भरीव, ६ मिलिमीटरपेक्षा लहान, माणसाला धोका कमी आणि पूर्वी कर्करोग झालेला नसेल, तर पुन्हा पुन्हा सी.टी. काढण्याची गरज सहसा नसते. २००५च्या नियमांत ही मर्यादा ४ मिलिमीटर होती. नियम का बदलला हे ज्या डॉक्टरच्या कानावर आलेले नाही, तो आपल्याला विनाकारण पुन्हा यंत्रात घालील.

चुकांची चर्चाही ऐकण्यासारखी असते. एक दोष सापडला की डोळा समाधान पावतो आणि शोध थांबतो, हे या शास्त्रात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मोडलेली बरगडी दिसली, आणि शेजारचा ठिपका राहून गेला! अनुभवी डॉक्टर स्वतःची अशी चूक मोकळेपणी सांगतो, तेव्हा ती पुस्तकातल्या ओळीपेक्षा जास्त लक्षात राहते, असे आम्हाला वाटते.

पण ऐकून तसबीर वाचता येत नाही. चिकाचा हलवा कसा ढवळावा हे ऐकून कळेल. तो उतरवायचा कधी, हे चुलीपाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय पॉडकास्ट कोणीही काढू शकतो, काहींना यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचा पैसाही असतो. म्हणून बोलणारा कोण, हे आधी पाहावे लागते. नातू म्हणाला, ऐकलेली गोष्ट तो संध्याकाळी तसबिरी उघडून पडताळतो.

बाईंनी त्याला आणखी एक विचारले: मग आम्ही काय करावे? तो म्हणाला, "जुन्या सी.टी.ची डिस्क टाकू नकोस, आजी. दोन वर्षांत भरीव गाठ वाढली नसेल, तर बहुधा ती निरुपद्रवी असते. पण ते कळायला जुनी तसबीर हवी." बाईंनी त्याच रात्री कपाट उपसले. डिस्क लग्नाच्या आल्बमखाली सापडली.