पुसता येणारी रणभूमी

बुद्धिबळाचा डाव कितीही रंगला तरी पट तोच राहतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिका-खेळांत मात्र भिडू जिकडे वळतील तिकडे जमीन घडवावी लागते. ‘मुख्य दारातून नको, मागची भिंत चढू’ असे चौघांनी ठरवले, की ती भिंत, मागचे अंगण आणि तिथली विहीर डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तिथल्या तिथे मेजावर आणावी लागते. यासाठी जगभरचे खेळाडू एक साधी वस्तू वापरतात: एक-एक इंचाची घरे छापलेला, लिहून पुसता येणारा व्हिनाइलचा पट. त्याला बॅटलमॅट म्हणतात. या खेळांचे मोकळेपण जितके नियमपुस्तकांत आहे, तितकेच या पटात आहे, असे मला ठामपणे वाटते.

या पटाचे मूळ शोधत गेले तर वाट बुद्धिबळापर्यंत, म्हणजे आपल्याच चतुरंगापर्यंत पोहोचते. 1780 साली जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग यांनी बुद्धिबळ वाढवून 1,617 घरांचा युद्धखेळ रचला. घरांच्या रंगांवरून डोंगर, पाणी, दलदल ओळखायची. 1812 साली प्रशियाच्या फॉन राइसवित्स यांनी राजासाठी एक मेजच बनवून घेतले. त्यावर नद्या, टेकड्या, रस्ते असलेले तुकडे हवे तसे जुळवता येत. जमीन आता हलवता येऊ लागली, पण मेज काही हलवण्यासारखे नव्हते. मग 1824 मध्ये त्यांच्या मुलाने हा खेळ 1:8000 प्रमाणाच्या नकाशांवर आणला आणि पंचाच्या हाती मोठी सत्ता दिली. शत्रूची जी तुकडी दृष्टीच्या टप्प्यात येईल, तेवढीच पंच नकाशावर मांडे. न दिसलेले मेजावर येत नसे. डंजन मास्टर आजही हेच करतो. फरक इतकाच, की तो फौजांच्या बरोबरीने जमीनही उलगडत नेतो.

दीडशे वर्षांनी हा धागा अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात सापडतो. तिथे गॅरी गायगॅक्स यांच्या तळघरात वाळूचे मेज होते आणि त्यावर छोट्या पुतळ्यांच्या लढाया होत. 1971 च्या ‘चेनमेल’ या नियमावलीत हालचाली इंचांत मोजल्या. डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला, तेव्हा इंच कायम राहिला. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट. पण भुयारे वाळूत कोरणार कशी? डंजन मास्टर नकाशा आलेखाच्या कागदावर काढून स्वतःपाशी झाकून ठेवी आणि भिडू त्याच्या वर्णनावरून आपला नकाशा काढत जात. बाजारात आलेल्या व्हिनाइलच्या पटाने ही अडचण सोडवली. झाकलेल्या नकाशाचा जेवढा भाग भिडूंनी पाहिला, तेवढाच आता सर्वांसमोर खऱ्या मापात काढता येऊ लागला.

चेसेक्स कंपनीचा प्रसिद्ध पट पाहा. एका बाजूला चौरस, उलट बाजूला षट्कोन. चौरसात तिरके जाताना अंतर सुमारे 1.41 पट होते. म्हणून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2003 च्या नियमांत, जिथे एक घर पाच फुटांचे, पहिले तिरके पाऊल पाच फुटांचे, दुसरे दहा फुटांचे धरले. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने हा हिशेब सोडून प्रत्येक तिरके पाऊल एकाच घराचे मानले. षट्कोनाच्या सहाही शेजाऱ्यांचे अंतर सारखेच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही; मोकळ्या रानातल्या लढाईला षट्कोन सोयीचा. पण खोल्यांच्या भिंती काटकोनात असतात, म्हणून इमारतीत चौरसच बरा.

आता एक घर म्हणजे पाच फूट. तीस फूट बाय चाळीस फुटांची खोली काढायची तर सहा घरे एकीकडे, आठ दुसरीकडे. भिंत काळी, पाणी निळे, दाराच्या जागी छोटा आडवा ठोकळा. अर्ध्या मिनिटात खोली उभी. कुणी तेलाचा बुधला फोडून आग लावली, की तेवढी चार घरे रंगवायची. छप्पर कोसळले, की ओल्या फडक्याने भिंत पुसायची.

हे फडके ओलेच हवे, कारण पटासाठी पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे पेन लागते, पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर वापरत ते. मऊ व्हिनाइलमध्ये प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते. पांढऱ्या फळ्याच्या मार्करमधला द्रावक आणि रंग त्या मऊ थरात मुरतात, आणि मग डाग जन्मभराचा. योग्य पेनाची शाईसुद्धा, विशेषतः लाल, आठवडाभर तशीच ठेवली तर खुणा सोडते. पट घडी न घालता गुंडाळून ठेवावा, उन्हात तापू देऊ नये. पायझो कंपनीचा फ्लिप-मॅट वेगळा: 24 बाय 30 इंचांचा, वर लॅमिनेशन, घडी घालून पुस्तकाएवढा होणारा. त्यावर कोरड्या पुसण्याचा मार्करही चालतो.

आज सुंदर छापील नकाशे मिळतात. 2012 साली आलेल्या रोल20 सारख्या मंचांवर पडद्यावरचा पटही आहे. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या मित्रांसाठी तो वरदानच. पण आधी सजवलेल्या नकाशात एक धोका असतो. तासन्‌तास खपून केलेला किल्ला वाया जाऊ नये म्हणून डंजन मास्टर नकळत भिडूंना त्याच किल्ल्याकडे ढकलू लागतो. कोऱ्या पटाला असा हट्ट नसतो. त्यावर घरांच्या रेषा, म्हणजे नियम, तेवढे पक्के. बाकी सारे भिडूंच्या निर्णयावर.

हा अनुभव घ्यायला परदेशी पट मागवायची गरज नाही. ए-थ्री कागदावर इंचा-इंचाच्या रेषा मारल्या तर 16 बाय 11 घरे बसतात. असे चार कागद झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घ्या, मागून चिकटपट्टीने जोडा. मार्कर आधी कोपऱ्यात तपासा. मग मुलांना पट कोराच द्या आणि पहिला प्रश्न विचारा: तुम्ही कुठे निघालात? रेघ उत्तरानंतर मारा.