आळंदचा बाजार ते जिनिव्हा
लेखांक सहावा

गेल्या लेखांकात परदेशातल्या पूर्ण पदवीचा खर्च पाहिला. आज त्याहून लहान वाट पाहू. एमबीए किंवा सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी इथेच घ्यायची आणि त्यातले काही आठवडे किंवा एखादं सत्र बाहेरच्या विद्यापीठात काढायचं. बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत या वाटेची चर्चा अजून कमीच होते.

परक्या मुलखात थोडे दिवस राहून तो समजून घेणं म्हणजे काय, हे मात्र याच भागाने फार पूर्वी पाहिलेलं आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो हिसकावला, मोठ्या मुश्किलीने परत मिळाला आणि अखेर बीदरात विकला गेला. पण निकितीनची नजर घोड्याच्या किमतीपाशी थांबली नाही. आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा बाजार भरे. तो बीदरपासून किती कोस, किती दिवस चालतो, घोडे किती येतात, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. घोड्यांचा आकडा तो वीस हजार सांगतो. रयत हलाखीत आणि सरदार ऐषारामात, हेही त्याने लिहिलं.

त्याच काळात बीदरच्या दरबारी महमूद गवान वजीर होता. इराणच्या गीलानमधून व्यापारासाठी दाभोळला उतरलेला माणूस. त्याने बहामनी राज्याच्या चार मोठ्या प्रांतांचे आठ केले, जमीन मोजून सारा ठरवायला घेतला आणि १४७२ मध्ये तीन मजली मदरसा बांधला. व्यापार आणि राज्यकारभार या आज दोन वेगळ्या पदव्या आहेत; गवानच्या आयुष्यात त्या एकच होत्या.

आता आजची व्यवस्था. दोन संस्थांत करार असेल तर सत्राची अदलाबदल होते. शुल्क आपल्याच संस्थेत भरायचं, तिकडे शिकवणीचं वेगळं द्यावं लागत नाही. विमान, खोली, जेवण आणि विमा मात्र आपल्या खिशातून. उन्हाळी वर्ग काही आठवड्यांचे असतात, पण त्यांचं शुल्क सहसा निराळं असतं. युरोपियन संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत अभ्यासाचा मुक्काम साधारण दोन ते बारा महिन्यांचा असतो. तिकडे वर्षाच्या पूर्ण अभ्यासाचे ६० क्रेडिट धरतात आणि आपल्याकडची मोजणी वेगळी आहे. म्हणून तिकडचे क्रेडिट आपल्या गुणपत्रिकेत किती धरणार, हे जाण्याआधीच विभागाकडून लेखी घ्या. शेंगेन देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सत्र त्याहून लांब असेल तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो.

कागदपत्रं जमतात. अडतं ते दुसरीकडेच. पाहायचं काय, हे ठरवून जाणारे विद्यार्थी मला कमी दिसतात.

कलबुर्गीची तूर घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अडतीवर शेतकरी पोतं उघडतो, अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल पाहतो, आणि भाव पुकारतो. त्या भावाच्या मागे दोन लांबचे मुलूख उभे असतात. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: वर्षाला एक लाख टनांपासून सुरुवात करून पाच वर्षांत दोन लाख टन डाळी आणायच्या. पुढच्याच वर्षी देशात तुरीचा पूर आला, सरकारने आयातीवर मर्यादा घातली आणि मोझांबिकच्या छोट्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. २०१९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने भारताच्या डाळींच्या हमीभावावर जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, आक्षेप नोंदवला. त्या डाळींत तूरही होती. आळंद किंवा चिंचोळीच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या आधाराचा वाद लेमन सरोवराच्या काठी चालतो, आणि इथल्या धोरणाच्या विद्यार्थ्याने तो तिथे जाऊन ऐकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आधीच आहे. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी. एका दिवसात तीन भाषांत व्यवहार करणाऱ्याला परक्या गावात वाट विचारायला संकोच वाटत नाही.

ज्या तालुक्यात निकितीनने तो बाजार पाहिला, त्याच आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ पासूनचं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथल्या आणि गुलबर्गा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: अर्ज भरण्याआधी दोन दिवस बाजार समितीत बसा, अडत्याला आणि शेतकऱ्याला दोघांनाही विचारा, आणि एक प्रश्न वहीत लिहून घ्या. अर्जातला हेतूचा मजकूर त्या प्रश्नाने सुरू करा. शिष्यवृत्त्यांबद्दल पुढच्या आठवड्यात.