चोवीस गिअरचे नऊ

सायकल दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती गिअरची?" एकवीस म्हटलं की मान हलते, सत्तावीस म्हटलं की भुवया वर जातात. आमच्या घरची माउंटन बाईक चोवीस गिअरची होती. आता ती नऊ गिअरची आहे, आणि त्यासाठी साठवलेले पैसे घालावे लागले. बाबांना हे अजून पटलेलं नाही. "पैसे देऊन गिअर कमी करून घेतलीस?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी शब्द. पेडलच्या दांड्याला जोडलेल्या दातेरी चकतीला चेनरिंग म्हणतात. आमचा वडगावातला मेकॅनिक तिला 'पुढचं चक्र' म्हणतो. मला तोच शब्द आवडतो, म्हणून इथे तोच वापरते. मागच्या चाकावर लहानमोठ्या चक्रांची चळत असते ती कॅसेट. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो डिरेलर. एक पुढे, एक मागे. आमच्या सायकलला पुढे तीन चक्रं होती (४२, ३२ आणि २२ दातांची) आणि मागे आठ. तीन आठे चोवीस. दुकानदार हाच पाढा म्हणतो.

आता भागाकार करून बघा. पुढचे दात भागिले मागचे दात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरणार. पुढे ४२, मागे २१ घेतलं तर उत्तर २. पुढे २२, मागे ११ घेतलं तरी उत्तर २! दोन वेगळे गिअर, पायाला मात्र एकच. ३२ ला १८ ने भागलं तर १.७८, ४२ ला २४ ने भागलं तर १.७५. डोळे मिटून चालवली तर फरक ओळखून दाखवा. शिवाय पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचंही सगळ्यात मोठं अशी जोडी लावली की चेन इतकी तिरकी ओढली जाते की ती वापरूच नये म्हणतात. सारखे आणि तिरके वगळले तर चोवीसातले निम्मेच खऱ्या अर्थाने वेगळे उरतात. तेवढ्यासाठी एक जादा डिरेलर, एक जादा केबल, एक शिफ्टर आणि दोन चक्रं आपण वाहत असतो.

वाहिलं असतं, पण पावसाळा आला की प्रश्न येतो. येळ्ळूरकडच्या शेतवाटांचा चिखल पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात बसतो आणि वाळला की डिरेलर हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे लहान चक्राचे दात झिजलेले असले की चेन खालून सुटतच नाही. दातांना चिकटून वर ओढली जाते आणि चक्र नि फ्रेमच्या मध्ये अडकते. हे नेमकं चढावर होतं, कारण लहान चक्र आपण चढावरच लावतो. पाय एकदम थांबतो आणि सायकल आडवी. माझा धाकटा भाऊ राजहंसगडाच्या चढणीला असा दोनदा पडला. सायकल आमच्यात एकच आहे, आठवडाभर मी कॉलेजला नेते, रविवारी त्याची. दुसऱ्यांदा कोपर फोडून आला तेव्हा आई म्हणाली, ही सायकल विकून टाका. माझ्या डोक्यात पुढचं एकच चक्र ठेवायचा विचार तिथे सुरू झाला.

तीन चक्रांची पद्धत काही मूर्खपणाची नव्हती. १९८१ साली स्पेशलाइज्डची 'स्टम्पजम्पर' ही पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली माउंटन बाईक आली. तिला पुढे तीन आणि मागे पाच चक्रं होती. मागे पाचच, तीही फार मोठी नसलेली, म्हटल्यावर डोंगर चढायचा हलका गिअर पुढूनच मिळवावा लागणार. पुढे मागची चक्रं वाढत गेली, मोठी होत गेली, तरी पुढची तीन सवयीने राहिली. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एक आणि मागे १० ते ४२ दातांची अकरा चक्रं असलेला संच काढला, तेव्हा चित्र बदललं. आज महागड्या माउंटन बाईकला पुढे दुसरं चक्र शोधून सापडत नाही.

एकच चक्र ठेवायचं तर अडचण एक: दगडधोंड्यांवर उडताना चेन पडते. पूर्वी पुढचा डिरेलरच तिला कुंपणासारखा धरून ठेवायचा. त्यावरची युक्ती मला फार देखणी वाटते. चेन नीट बघा. तिच्यात एक कडी अरुंद, एक रुंद, पुन्हा एक अरुंद अशी रांग असते. साध्या चक्राचे दात सगळे सारख्या जाडीचे. नव्या चक्रावर मात्र एक दात जाड, एक बारीक. जाड दात रुंद कडीत गच्च बसतो आणि चेन बाजूला सरकत नाही. म्हणून अशा चक्राचे दात नेहमी सम संख्येत: ३०, ३२, ३४. एकतीस असते तर दुसऱ्या फेरीला जाड दात अरुंद कडीपुढे आला असता. जोडीला मागच्या डिरेलरमध्ये क्लच असतो. त्यामुळे डिरेलरचा खालचा हात पुढे झुलत नाही आणि चेन ढिली पडत नाही.

खरेदीच्या आधी मी वहीत हिशेब मांडला. जुना सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. मागे ११ ते ४२ ची नऊ चक्रांची कॅसेट आणि पुढे ३२ घेतलं तर ०.७६. पुढे ३० घेतलं तर ०.७१. मला ३२ चाललं असतं. भावाला नाही, तो तेरा वर्षांचा, अंगाने काडी. म्हणून तीस. आता दुसरं टोक: जुना सगळ्यात जड गिअर ४२ भागिले ११, म्हणजे ३.८२. नवा ३० भागिले ११, म्हणजे २.७३. आमच्या साडेसत्तावीस इंची चाकाच्या एका फेरीत सायकल साधारण २.१५ मीटर जाते. पेडलच्या मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर जुना वेग ताशी ३९ किलोमीटर, नवा २८. म्हणजे चढावर जवळजवळ काहीच गेलं नाही, सपाटीवरचा वेग मात्र चांगलाच गेला. राजहंसगडाच्या उतारावर भावाने ३९ च्या वेगाने पेडल मारू नये असंच मला वाटतं, तेव्हा हा तोटा मी आनंदाने घेतला. हायवेवर ग्रुपबरोबर लांब जाणाऱ्याने घेऊ नये.

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी घरीच बघा, नाहीतर पैसे पाण्यात. पहिली, पुढची चक्रं बोल्टने बसवलीत की रिव्हेट ठोकून? स्वस्त सायकलींना रिव्हेट असतात, मग अख्खा क्रँक बदलावा लागतो. बोल्ट असतील तर त्यांच्या वर्तुळाचा व्यास बघा. आमचा चार बोल्टचा, १०४ मिलिमीटरचा निघाला, त्याला चक्रं सहज मिळतात. दुसरी गोष्ट, मागे कॅसेट आहे की जुन्या पद्धतीचं आट्याचं फ्रीव्हील? मागचं चाक काढा आणि चक्रं उलटी फिरवा. पाना बसवायची मधली खाच चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तर हबपासून खर्च सुरू होतो. त्यापेक्षा टायर आणि ब्रेकपॅड चांगले घ्या, खरंच. तिसरी, डावा शिफ्टर ब्रेकच्या मुठीपासून वेगळा होतो का. काही सायकलींत दोन्ही एकाच खोक्यात असतात. मग तो निकामी शिफ्टर तसाच ठेवायचा किंवा ब्रेकची मूठ बदलायची.

मागचा जुना डिरेलर ४२ दातांपर्यंत पोचत नाही, आणि शिफ्टरच्या एका टिचकीला केबल किती ओढली जाते हे प्रत्येक संचाचं वेगळं असतं. म्हणून शिफ्टर आणि डिरेलर एकाच घराण्यातले हवेत. मी मायक्रोशिफ्टचा अ‍ॅडव्हेंट हा नऊचा संच घेतला. त्यात क्लच आहे आणि कॅसेट आमच्या जुन्याच हबवर बसते.

काम एका दुपारचं. मेकॅनिक आधी कुरकुरला, "चांगलं चालायलंय, कशाला काढायलीस ग ते?" पण अ‍ॅलन की हातात घेतल्यावर त्यालाच गंमत वाटायला लागली. नवं चक्र जुन्या मधल्या चक्राच्या जागी, म्हणजे क्रँकच्या हातांच्या आतल्या बाजूला बसवायचं, म्हणजे चेन कॅसेटच्या साधारण मध्यावर सरळ राहते. जुने बोल्ट दोन चक्रं धरणारे, म्हणून लांब असतात. एकट्या चक्राला आखूड बोल्ट लागतात, ते विसरून दुकानातून येऊ नका. चेन नवीच घ्या आणि मोजल्याशिवाय तोडू नका: पुढच्या चक्रावरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न नेता गुंडाळायची, टोकं जुळतात तिथून आणखी एक रुंद आणि एक अरुंद कडी सोडायची. संचाबरोबर आलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागदाचं ऐका. चढवताना जाड दात रुंद कडीत आहे ना, हे बघा.

शेवटी स्क्रू. डिरेलरवरचा एल स्क्रू चेनला मोठ्या चक्रापलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. तो नीट लावल्याशिवाय सायकल गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका. बी स्क्रूने डिरेलरची वरची पुली मोठ्या चक्रापासून किती लांब राहील ते ठरतं. फार जवळ असली तर खरखर ऐकू येते.

दोन गोष्टी नव्याने सहन कराव्या लागतात. लागोपाठच्या गिअरांमध्ये अंतर वाढलंय, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध जाताना एक गिअर जड वाटतो आणि पुढचा हलका. आणि सगळा भार एकाच चक्रावर येत असल्याने ते लवकर झिजणार. चेन ताणली गेली की दात खाते, म्हणून दर महिन्याला पट्टी लावून मोजते. नव्या चेनच्या बारा पूर्ण जोड्या बरोबर बारा इंच भरतात. त्यावर इंचाचा सोळावा भाग वाढला की चेन बदलायची. चेन चक्रापेक्षा स्वस्त असते.

काढलेलं बावीसचं लहान चक्र भावाने मागून घेतलंय. त्याचे दात आता माशाच्या परासारखे एका बाजूला वाकलेले दिसतात.