रिकंडिशन टर्बो बसवण्याआधी

आपल्या समाजात कितीतरी घरांची रोजी चाकांवर चालते. कुणाची वडाप जीप, कुणाचा मासळीचा टेम्पो, कुणाची पर्यटकांची गाडी. गाडी दहा-पंधरा वर्षे जुनी, इंजिन डिझेलचे आणि टर्बोचे. अशा गाडीचा टर्बो गेला की नवा परवडत नाही, म्हणून रिकंडिशन बसवला जातो. तो चांगला चालला तर पैसे वाचतात. महिनाभरात बसला तर मुलांच्या फीचे पैसे पुन्हा गॅरेजात जातात. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

टर्बो म्हणजे काय?

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. तत्त्व साधे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळते आणि गाडी घाट चढते. लोड असताना हा दांडा मिनिटाला 1 लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तोही ऑईलच्या पातळ थरावर तरंगत. ऑईल काही सेकंद कमी पडले किंवा घाण आले, तरी बेअरिंग खराब होते.

दुरुस्त केलेला टर्बो पुन्हा का जातो?

आमच्या वडील बंधूंच्या जीपला रिकंडिशन टर्बो बसवला. काही आठवड्यांतच शिट्टीसारखा आवाज आणि निळसर धूर सुरू झाला. विकणारा म्हणाला, फिटिंग चुकले. फिटिंगवाला म्हणाला, मालच खराब. दोघांच्या भांडणात गाडी उभी आणि हप्ता चालू. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने टर्बोला ऑईल नेणारी बारीक नळी काढून दाखवली. आतून काजळी जमून ती जवळजवळ बंद झाली होती. पहिला टर्बो ज्या कारणाने गेला, त्याच कारणाने दुसराही गेला!

बहुतेक वेळा घोटाळा इथेच असतो. टर्बो बदलला जातो, कारण तसेच राहते. कधी एअर फिल्टर फाटलेला असतो आणि धूळ पंख्याची पाती खाते. कधी इंटरकूलरचा रबरी पाइप चिरलेला असतो. हवा गळते आणि ती भरून काढताना टर्बो प्रमाणाबाहेर फिरतो. कधी इंजिनाच्या रिंगाच झिजलेल्या असतात. मग आत वाफेचा दाब वाढतो, टर्बोतले ऑईल खाली परतत नाही आणि चांगल्या टर्बोतूनही गळू लागते. अशा इंजिनाला तिसरा टर्बो बसवूनही गुण येत नाही.

काय पाहावे, काय करावे?

काळा धूर आणि पिकअप कमी, तर हवा कमी पडते आहे. आधी पाइप आणि फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे.

विकत घेताना कोणते भाग बदलले आणि दांडा मशीनवर बॅलन्स केला का, हे विचारा. पंखा बोटाने हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालेल, पण कवचाला घासता कामा नये. आत-बाहेर तर जाणवण्याइतका हलता कामा नये. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. ऐब लपवून माल विकू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. पण घेणाऱ्यानेही विचारायला लाजू नये.

बसवताना ऑईल, ऑईल फिल्टर आणि गॅस्केट नवे घ्या, ऑईलची नळी शक्यतो नवीच घाला. ऑईलच्या जोडांवर चिकट पेस्ट लावू देऊ नका; तिचा तुकडा सुटला तर वाट बंद होते. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर त्यांचे तुकडे आणि साचलेले ऑईल इंटरकूलरमधून साफ करून घ्या. सुरू करण्याआधी टर्बोत ऑईल ओता आणि डिझेल बंद ठेवून थोडा सेल्फ मारा. मग काही मिनिटे गाडी रेस न करता चालू ठेवा. घाट चढून आल्यावरही लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन शांत चालू द्या.

एक धोका मात्र जिवाचा आहे. गळके ऑईल हवेबरोबर इंजिनात गेले तर इंजिन तेच जाळून आपोआप रेस होते आणि चावी काढली तरी थांबत नाही. गाडी उभी असेल तर साध्या गिअरच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन बंद पडते. तसे जमले नाही तर सर्वांना उतरवून लांब न्यावे. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये.

म्हणून निळा धूर दिसत असेल, तर "ही एवढी ट्रिप मारून येतो" म्हणणाऱ्याला घरातल्यांनीच थांबवावे. एका दिवसाचे भाडे बुडेल, पण इंजिन आणि माणसे सलामत राहतील.